वाढत्या अंगाचं

मास्तरांनी मला उभ्या जन्मात एकच महत्त्वाचा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर बरोबर दिलं. आकडा खरा होता. तरी त्या उत्तरापायी एका बाईचं आयुष्य मातीत गेलं असं मी म्हणतो, आणि माझी समजूत काढायला कुणी आलं तर त्याला दारातूनच वाटेला लावतो. समजूत काढणारे फार झालेत. वेळेवर कान धरणारं कुणी नव्हतं.

मास्तर म्हणजे शिंपी. आमच्या शाळेत शिकवणाऱ्यांना सगळे सर आणि बाई म्हणत, त्यामुळे गावात मास्तर म्हणून हे एकटेच उरले होते, आणि तेही चौथीत दोनदा बसलेले. मी त्या शाळेचा कारकून. छत्तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलो. खुर्चीची वेताची बैठक तीनदा बदलली, मी तसाच राहिलो. माझी खिडकी फाटकाकडे होती आणि फाटकासमोर मास्तरांचं दुकान. मान वर केली की ते दिसत, चष्मा नाकावर, तोंडात टाचण्या, पाय मशीनवर. टाचण्या तोंडात असल्या की ते हं आणि अंहं एवढंच बोलत, आणि निम्म्या गावाचा कारभार त्या हं आणि अंहंवर चाले.

दुकान म्हणजे एक खोली. दोन मशीन, कापायचं एक लांब टेबल आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत लाकडी मांडणी. तिला आठ कप्पे. सगळ्यात खाली बावीस नंबर, म्हणजे पहिलीतल्या पोराचे कपडे. मग चोवीस, सव्वीस असं चढत सगळ्यात वर छत्तीस, म्हणजे ओठावर लव फुटलेले दहावीतले बाप्ये. मास्तर मापं घेऊन शिवत बसत नसत. सुट्टीत माझ्याकडून पट विचारून घ्यायचे, त्या अंदाजाने कापायचे, शिवून कप्प्यात रचून ठेवायचे, आणि शाळा उघडायच्या आठवड्यात कप्पे रिकामे व्हायचे. "खालचा कप्पा जड पाहिजे भाऊसाहेब," ते मला म्हणत. "म्हणजे मांडणी हलत नाही." हे ते सुतारकामाबद्दल बोलत. मला त्यात दुसरं काही तेव्हा ऐकू आलं नाही.

त्यांच्या शिलाईची एक रीत होती. कुठलीही आई आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं." मास्तर म्हणत, "सांगायला नको. माझ्या हाताला दुसरं येतच नाही." फ्रॉक असो की चड्डी, लांबी मुळात जास्त, शिवाय खाली तीन बोटं दुमड, बगलेत आणि कमरेला जादा कापडाची माया सोडलेली. पहिल्या वर्षी पोर त्या कपड्यात हरवून जायचं, दुसऱ्या वर्षी कपडा बरोबर व्हायचा, तिसऱ्या वर्षी आई तो घेऊन यायची आणि मास्तर दुमड उसवून बोटभर खाली सोडायचे. त्याचे पैसे ते घेत नसत. कापड विटलेलं आणि दुमडीच्या जागी मूळचा गडद रंग, त्यामुळे प्रत्येक वेळी एक रेघ उमटायची. एका फ्रॉकवर चार रेघा दिसल्या की समजावं, हा तिसऱ्या बहिणीच्या अंगावर आहे. अशा फ्रॉकला मास्तर आजीबाई म्हणत. "आजीबाई आल्या," असं म्हणून हातात घेत, आणि ती तिसरी बहीण लाजून आईच्या मागे दडे.

मी नोकरीला लागलो त्याला दोन वर्षं झाली आणि ते मोठं वर्ष आलं. पहिलीला चौऱ्याण्णव मुलं. दोन तुकड्यांची सोय होती, तिसरी व्हरांड्यात बसवली. हेडबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या आणि फाटकावर पालक भांडत होते. मास्तरांच्या घरची तर झोप उडाली. मास्तरीणबाई काज-बटणं करायच्या. त्यांची बोटं सुजली, तरी दुखतंय असं त्या चारचौघांत म्हणाल्या नाहीत. त्या चौऱ्याण्णवांत एक त्यांची स्वतःची होती. एकुलती एक. एका जागी ठरेल तर शपथ, सारखी गरगर फिरायची, म्हणून तिला बॉबिन म्हणत. शाळा उघडायच्या दिवशी गावातल्या त्र्याण्णव पोरांचे कपडे तयार होते आणि हिचा फ्रॉक राहून गेला होता. मास्तरांनी सकाळी पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले आणि तसाच तिला घालून पाठवलं. संध्याकाळी पक्का करतो म्हणाले. तो वर्षभर तसाच राहिला. शाळेत मी तिला विचारलं, "काय गं, तुझ्या बाबांना दोरा मिळेना का?" तर म्हणाली, "बाबांना गिऱ्हाईक आहे."

मग मी एक गंमत बघू लागलो. तो चौऱ्याण्णवांचा ढीग दर साल-दीड सालाने एक कप्पा वर सरकायचा. आधी बावीस नंबर गच्च, मग चोवीस, मग सव्वीस. ढीग वर गेला की खालच्या कप्प्यात येणारा नवा ढीग थोडा लहान असायचा. अगदी थोडा. एकदा ब्याण्णव, एकदा अठ्ठ्याऐंशी, मग परत नव्वद. अशा आकड्यांनी कुणाची झोप उडत नाही. व्हरांड्यातली तुकडी आत आली तेव्हा आम्ही हेडबाईंचं अभिनंदन केलं होतं.

ती मोठी बॅच दहावी होऊन बाहेर पडली आणि तीन-चार वर्षांत गाव सोडून गेली. हा आमचाच पराक्रम. शाळा चांगली होती. पोरांना गणितं येत होती, आणि गावात गणितांचं काम नव्हतं. बॉबिनही गेली. शहरात कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला लागली आणि हळूहळू तिथल्या टेबलाची प्रमुख झाली. एका वेळी कापडाचे शंभर थर एकावर एक टाकून कापत असे. मास्तर हे सगळ्यांना सांगत. "शंभर थर. आणि वरच्यात नि खालच्यात केसाचा फरक नाही." तिथे मशीन दुरुस्त करणाऱ्या एकाशी तिचं जुळत आलं होतं, हेही गावाला माहीत होतं. मास्तर मात्र ते माहीत नसल्यासारखं करत, कारण तिने अजून सांगितलं नव्हतं.

दर वर्षी मला सरकारला वयवार तक्ता पाठवावा लागे. सहा वर्षांची किती, सात वर्षांची किती, असे रकाने, आणि शेवटी एकूण. रकाने भरायला दोन दिवस लागत, वाचताना मात्र सगळे शेवटचाच रकाना वाचत. हेडबाई, तपासायला येणारे साहेब, वर्तमानपत्रवाले, सगळे. पेपरात तर तेव्हा रोज यायचं, आपला देश तरुणांचा देश आहे, तरुण वाढत आहेत. खोटं नव्हतं ते. तरुण पुष्कळ होते. पण पंचवीस वर्षांचा तो तरुण आणि पाच वर्षांचा तोही त्याच पोत्यात. थोरले ओसंडत होते आणि धाकटे आटत होते, आणि बेरीज केली की पोतं भरलेलंच दिसायचं. एकूण हा फार लबाड रकाना आहे. मला हे कळत होतं, कारण माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. पण कारकुनाला कळून काय उपयोग? असं मी स्वतःला विचारायचो आणि शिक्का मारायचो.

मास्तरांच्या दुकानात त्या दिवसांत उलटाच प्रकार झाला. मुलं घटत होती आणि धंदा वाढत होता. कारण साधं होतं. पूर्वी घरात तीन-चार पोरं, कपडे वरून खाली उतरत यायचे. आता घरात एक, फार तर दोन, त्यांच्यात सात वर्षांचं अंतर. उतरून यायला वर कुणी नाही आणि उतरून द्यायला खाली कुणी नाही. प्रत्येकाला दर साल नवे कपडे. आजीबाई यायच्या बंद झाल्या. उसवायला कुणी येईना, शिवायलाच येत. मास्तरांना वाटलं, गावाला बरे दिवस आलेत. दुसरं कुणी असतं तर त्यालाही तसंच वाटलं असतं.

अशात मास्तरीणबाई गेल्या. सकाळी काज करायला बसल्या, मान खाली घातली ती वर आलीच नाही. मास्तरांनी दुकान दहा दिवस बंद ठेवलं आणि अकराव्या दिवशी उघडलं. दुपारी एकटेच टेबलाच्या कडेला डबा उघडून बसत. माझ्या खिडकीतून मला ते दिसे, आणि मी पडदा ओढून घेई.

दोन वर्षांनी, सुट्टीत, पट विचारायला म्हणून ते आले. तोंडात टाचण्या नव्हत्या. बराच वेळ माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"भाऊसाहेब, बॉबिनला बोलवून घ्यावं म्हणतो."

"इथे?"

"धंदा वाढलाय. मला एकट्याला झेपत नाही. तिचा हात तयार आहे, नाहीतरी परक्याचंच कापते. पण तिची चांगली नोकरी आहे. उगीच बोलवायचं नि इथे काम नाही, असं व्हायला नको. तुमच्याकडे खरं काय ते असतं. मला सांगा, शाळेचा पट वाढतोय ना?"

वाढला होता. त्या वर्षी पलीकडच्या वस्तीतली शाळा बंद पडली आणि तिथली वरच्या वर्गांतली मुलं आमच्याकडे आली. पाचशे बाराचे पाचशे चाळीस झाले. पहिलीला मात्र अडतीस. चौऱ्याण्णवांच्या जागी अडतीस. तक्ता माझ्या समोर उघडा पडलेला होता आणि तो सहा वर्षांचा रकाना माझ्या अंगठ्याखाली होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्याचं दुसरं बटण तुटलेलं. शिंप्याच्या सदऱ्याचं. ज्या बाईने ते लावलं असतं ती नव्हती. मला वाटलं, म्हाताऱ्याला सोबत पाहिजे, आणि सोबत मागायची लाज वाटते म्हणून धंद्याचं नाव पुढे करतोय. आणि खरं सांगायचं तर मलाही ते अडतीस तोंडाने बोलायचं नव्हतं. बोललो असतो तर मलाही ऐकू आलं असतं.

"वाढलाय," मी म्हटलं. "अठ्ठावीसने."

मास्तर उठले. "बस, एवढंच पाहिजे होतं," म्हणाले. जाताना पेपरवेट जागेवर ठेवून गेले.

बॉबिन आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. त्या मशीनवाल्याला सांगून आली होती, दोन वर्षांत बाबांचं बस्तान बसवते आणि परतते. आल्या आल्या तिने दुकानाला रंग दिला, तिसरं मशीन आणलं आणि तोंडात टाचण्या धरून बोलायला सुरुवात केली, बापाचीच सवय. पहिली दोन वर्षं खरोखर दमछाक होईल इतकं काम होतं, कारण पलीकडच्या शाळेतून आलेल्या सगळ्यांना आमचा गणवेश हवा होता. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरगी परत आली. शाळा वाढतेय ना, म्हणून." माझ्याकडे हात करून सांगत, "भाऊसाहेबांना विचारा."

तिसऱ्या वर्षी शाळा उघडून पंधरा दिवस झाले तरी खालचा कप्पा अर्धा भरलेला होता. मास्तर म्हणाले, यंदा लोक उशिरा येतायत. बॉबिन दुपारी माझ्याकडे आली.

"काका, मला वयवार तक्ता बघायचाय."

"कशाला गं?"

"शंभर थर कापणारी बाई आहे मी. खालचा थर सरकला की वरून कळतं."

मी तक्ते काढून दिले. मागच्या वीस वर्षांचे. तिने ते जमिनीवर ओळीने मांडले आणि गुडघ्यावर बसून फक्त पहिला रकाना वाचत गेली. बोट फिरवत. सत्त्याऐंशी. ऐंशी. एकाहत्तर. त्रेसष्ट. बावन्न. त्रेचाळीस. अडतीस. एकतीस. सव्वीस. मग तिने वर बघितलं.

"बाबांनी तुम्हाला विचारलं तेव्हा हे तुमच्याकडे होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही वाढलाय म्हणालात."

"एकूण वाढला होता."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, केसाचा फरक नाही अशा, आणि माझ्या हातात दिले. "बाबांना सांगू नका," म्हणाली. "आई गेल्यापासून पहिल्यांदा ते गुणगुणतायत. मी बघते एखादं वर्ष."

ते एखादं वर्ष नऊ वर्षं चाललं. मशीनवाला दोन वर्षं थांबला, मग त्याने लग्न केलं. बॉबिनने मला ते उभ्या उभ्या सांगितलं आणि वर म्हणाली, "काका, तुमच्या रकान्यात बावीस नंबरचं एक तरी पोर मी द्यायला हवं होतं. त्या चौऱ्याण्णवांतल्या किती जणींनी दिलं ते एकदा मोजा." मी मोजलं नाही. माझ्या माहितीत त्यातल्या बऱ्याच जणी शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत होत्या, पुढच्या वर्षी बघू म्हणत होत्या, आणि पुढचं वर्ष कुणासाठी थांबत नाही.

मास्तर मात्र दर सुट्टीत पट विचारायला येत राहिले. मी आता खरे आकडे सांगत होतो. बावीस. सतरा. अकरा. ते मान हलवत, "हं," म्हणत आणि जाऊन खालच्या कप्प्यासाठी चाळीस कापत. हे कुणाला वेडेपणा वाटेल. पण त्यांच्या हाताला तेवढाच गठ्ठा कापायची सवय होती. कात्री एकदा चालू झाली की ती अकरावर थांबत नसे. बॉबिन ते सगळे शिवत असे. मग खाली न मावणारे, पडून राहिलेले गठ्ठे वरच्या कप्प्यांत चढवता चढवता सगळी मांडणी वरून जड झाली आणि एक दिवस पुढे कलली. बॉबिनने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मास्तरांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

शेवटच्या वर्षी पहिलीला चार मुलं होती. त्यांना आणि दुसरीला एकत्र बसवत. खेळाच्या तासाला संघ पडत नसत, म्हणून बाई स्वतः खेळत. मग वरून पत्र आलं. मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत जोडली गेली, आमची इमारत रिकामी झाली. मीही त्याच महिन्यात निवृत्त झालो. माझ्या निरोपाला सोळा खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या नऊ भरल्या.

इमारत वर्षभर बंद होती. मग तिथे वृद्धनिवास आला. त्याला माणसं कमी पडली नाहीत; महिन्याभरात खाटा भरल्या, आणि काही खाटा व्हरांड्यात आल्या. पहिली अ चा फळा तसाच होता, त्यावर आता औषधांच्या वेळा लिहितात. तिथली मुख्य नर्स एक दिवस मास्तरांच्या दुकानात आली आणि म्हणाली, साठ झगे हवेत, सैल, पुढून बंद बांधायचे, बारा दिवसांत.

साठ. मास्तर बहात्तर वर्षांचे होते. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो, कारण निवृत्तीनंतर मला बसायला दुसरी जागा नव्हती. त्यांनी टेप गळ्यात टाकला, आरशात बघून केस सारखे केले, आणि फाटक ओलांडून मापं घ्यायला गेले. परत आले ते गुणगुणतच.

बॉबिनने त्याच आठवड्यात जुन्या कारखान्यात अर्ज केला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिला भेटायला बोलावलं, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "मी चार दिवसांत येते. तोवर तुम्ही कापून ठेवा, शिलाई मी आल्यावर करू."

मास्तर ऐकतात कुठले. ती एसटीत बसल्यापासून त्यांनी मशीनवर जो पाय ठेवला तो काढला नाही. मी बंद उलटवून दिले, दोरे कापले. चौथ्या दिवशी सकाळी साठच्या साठ झगे, घड्या घालून, त्यांनी स्वतः नेऊन दिले.

दुपारी नर्स गठ्ठा घेऊन परत आली. बरोबर दोन आया. तिघींनी मिळून तो टेबलावर ठेवला.

"मास्तर, हे काय केलंत हो? सगळे जमिनीवर लोळतायत. एक आजी पाय अडकून पडता पडता वाचल्या. आणि आत एवढी दुमड कशाला? बगलेतही कापड. वाढत्या अंगाचं शिवलंत की काय?"

मास्तरांनी एक झगा उचलला, उलटा केला, दुमडीवर बोटं ठेवली. तीन बोटं बरोबर बसली.

"आमच्याकडे माणसं दर वर्षी बोटभर कमी होतात," नर्स म्हणाली. वाईट बाई नव्हती ती, दमलेली होती. "आखून दिलंय प्रत्येकावर. तेवढं कमी करून द्या. उद्यापर्यंत झालं तर बरं." ती गेली.

मास्तर स्टुलावर बसले. मी म्हटलं, "होतं असं. हाताची सवय." चूक झाल्याचं त्यांना वाईट वाटत होतं असं मला आधी वाटलं. पण ते मागच्या मांडणीकडे बघत होते. खालच्या कप्प्यात बावीस नंबरचे कपडे होते, चार-पाच वर्षांपूर्वी शिवलेले, घडीच्या कडेला पिवळे पडलेले.

चारच्या एसटीने बॉबिन आली. पिशवी खांद्यावरच होती. तिने टेबलावरचा गठ्ठा पाहिला, एक झगा उलटा करून पाहिला, आणि काय झालं ते कुणी न सांगता तिला कळलं. पिशवी ठेवली, ब्लेड घेतलं आणि दुमड उसवायला बसली.

"काय म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"कापायला आता यंत्र आहे. चालवायला पस्तिशीच्या आतलं माणूस पाहिजे."

"मग?"

"तसं माणूस मिळत नाही त्यांना. सहा जागा वर्षभर रिकाम्या आहेत." दोरा ओढत ती म्हणाली. "तरी बेचाळीसचं नको. रिकाम्या ठेवू म्हणाले."

मला ते सहन होईना. अकरा वर्षं जे दडवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं. "मास्तर, तुम्ही मला विचारलं होतंत ना, पट वाढतोय का म्हणून. तेव्हा पहिलीला अडतीसच होती. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"बाबा, जाऊ द्या आता," बॉबिन म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, खालचा कप्पा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. तुमच्या कागदाची मला काय गरज? दुसरीकडे विचारलं असतं तर कुणीतरी नाही म्हणालं असतं. तुम्ही हो म्हणाल, म्हणून तुमच्याकडे आलो." मग ते तिच्याकडे वळले, पण नजर तिच्या हातांवरच ठेवली. "धंदा नव्हता बॉबिन. मला एकट्याने जेववत नव्हतं. तेवढंच होतं."

ब्लेड थांबलं. रस्त्यावरून कुणी तरी सायकल ओढत गेलं. मी उठून जायला हवं होतं, पण बसूनच राहिलो. बॉबिन बापाकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा निदान एकदा तरी ओरडेल. तिने हातातला झगा खाली ठेवला, पुन्हा उचलला, नर्सने खडूने मारलेली खूण शोधली.

"मलाही पहिल्याच वर्षी कळलं होतं," ती म्हणाली. "टेबलावर आपले दोन डबे असायचे ना. मी येऊन बसेपर्यंत तुम्ही तुमचा उघडत नव्हता. ते बघितलं, म्हणून राहिले."

साठांतले सात-आठ उसवून झाले. खोलीत उजेड कमी झाला, तेव्हा मी उठून दिवा लावला. बॉबिनने एक झगा टेबलावर सपाट पसरला, खुणेवर पट्टी धरली आणि कात्री घेतली. खुणेच्या खाली चांगलं वीतभर कापड होतं. तिने सवयीने विचारलं, हे ती लहानपणापासून विचारत आली होती.

"बाबा, दुमड किती ठेवू?"

मास्तरांनी उभ्या आयुष्यात जादा कापड कधी कापून टाकलं नव्हतं. ते आत दुमडायचं असतं, पुढे लागतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी झग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, पहिल्यांदाच नीट, माप घेताना पोराकडे बघत तसं, वरपासून खालपर्यंत.

"काही ठेवू नकोस," ते म्हणाले. "कापून टाक."

तिने कापलं. पट्टी टेबलावरून घसरून खाली पडली, आणि तिने दुसरा झगा ओढला.